अनुभव धागा : नावेने एखाद्या जुन्या शहराला गेला आहात का?

महालकर : भाचीच्या अभ्यासात परवा नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या बंगाल मोहिमेचा भाग आला आणि काही वर्षांपूर्वी हुगळीवर, म्हणजे गंगेच्या बंगालमधल्या फाट्यावर, घालवलेला दिवस आठवला. आम्ही घरच्या मंडळींनी कोलकात्याहून चंदननगरला जाण्यासाठी एक भुटभुटी, म्हणजे डिझेल इंजिनाची लाकडी नाव, दिवसभरासाठी ठरवली होती. हावडा पूल मागे पडल्यावर डावीकडे बेलूर मठ, पुढे उजवीकडे दक्षिणेश्वर, आणि त्यानंतर दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागतात. चंदननगर १९५० पर्यंत फ्रेंचांकडे होते. तिथला स्ट्रँड हा काठचा रस्ता पाण्यातूनच पाहावा, कारण त्या शहराचे तोंड नदीकडे आहे. रेल्वेने येणारा माणूस तिथे मागच्या दाराने शिरतो.

माझे लक्ष मात्र पात्राच्या रुंदीकडे होते. १७४२ मध्ये रघुजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांचे घोडदळ बंगालच्या पश्चिम भागात पसरले, तेव्हा लोक जीव वाचवण्यासाठी नदी ओलांडून पूर्व काठाला गेले आणि कोलकात्यातही धास्तीने खंदक खोदला गेला. पुस्तकात या मोहिमेच्या तारखा मिळतात, नदी मिळत नाही. घोडे असूनही पुरेशा नावा नसलेल्या सैन्याची अडचण भर पात्रात गेल्यावर ध्यानात येते. आपापले अनुभव जरूर लिहावेत.

धंतोलीची सून : आम्हाला नावाड्याने घाटावर बराच वेळ बसवून ठेवले, कारण भरती लागल्याशिवाय निघणे त्याला मान्य नव्हते. हुगळीत समुद्राची भरती कोलकात्याच्याही वर चढते, त्यामुळे प्रवाह उलटतो आणि इंजिनाचे काम हलके होते. कन्हान आणि वैनगंगा पाहत मोठ्या झालेल्या सासूबाईंनी नमस्कार करून गंगेलाच विचारले, "अगं बाई, तू माघारी कुठे चाललीस?"

जुनी पाने : वाटेत श्रीरामपूरला उतरला नाहीत काय? हे गाव १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे होते, आणि ख्रिस्ती मिशनरी विल्यम कॅरी यांचा छापखाना तिथेच होता. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये तिथून निघाला. या कामात त्यांना कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचे मराठी पंडित वैद्यनाथ यांचे साहाय्य होते. नागपूरकर भोसल्यांची वंशावळसुद्धा त्याच छापखान्यात मराठीतून छापली गेली. ज्यांच्या स्वारांचे नाव काढून बंगालात मुलांना झोपवत, त्यांचे कुळ त्याच नदीच्या काठी छापले जावे, याची मला मोठी गंमत वाटते.

चहा झाला का : सगळे वाचले, परंतु चंदननगरचा जलभरा संदेश ही मिठाई खाल्ली की नाही, हे महालकरांनी लिहिलेच नाही.

महालकर : संदेश खाल्ला. आत गुलाबाचा पाक असतो हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे तो सदऱ्यानेही खाल्ला.

भंडारा रोड : एवढ्या लांब जाणे ज्यांना शक्य नाही त्यांनी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा विचार करावा. ओळखीच्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, कुटुंबाच्या डोंग्यातून आम्ही वैनगंगेवरून तिथल्या घाटाला लागलो. जुन्या तटाचे अवशेष पाहून जगन्नाथ टेकडीवर गेलो, जिथे १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. डोंग्याला इंजिन नसल्याने काठावरच्या म्हशींचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. पावसाळ्यात मात्र हा बेत करू नये.

त्रिमूर्तीनगर : आईचे गुडघे दुखतात. हुगळीवर तिला नावेत चढता-उतरता येईल का?

धंतोलीची सून : ओहोटीला घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर चिखल असतो, तेव्हा तिथे उतरणे टाळावे. फेरीबोटीचे तरंगते धक्के पाण्याबरोबर वर-खाली होतात; तिथे नाव लावू देतील का, हे भाडे ठरवतानाच नावाड्याला विचारून घ्यावे.