मदत हवी आहे: कर्नलला पॅच पाठवण्याआधी ब्रांचचा इतिहास कसा साफ करावा?

नीराकाठ:
लिनक्स कर्नलच्या हार्डवेअर मॉनिटरिंग विभागात तापमान-सेन्सरचा एक जुना ड्रायव्हर आहे, त्यात नव्या चिपचा सपोर्ट घातला आहे. कोड नीट चालतो, पण ब्रांचवर (गिटमधल्या माझ्या कामाच्या शाखेवर) १९ कमिट (बदलांच्या नोंदी) साचले आहेत. सात-आठ नुसते 'टायपो' किंवा 'अर्धवट' नावाचे, तीन मास्टर मर्ज केल्याचे. एका मोठ्या कमिटमध्ये तर फंक्शनची नावं बदलणं, जुन्या कोडमधल्या बगची दुरुस्ती आणि नव्या चिपची रजिस्टरं असं सगळं एकत्र आहे. 'गिट रिबेस -आय' (कमिट पुन्हा रचणारी आज्ञा) चालवलं की मर्ज करताना सोडवलेले कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) पुन्हा समोर येतात.

सगळं स्क्वॉश करून, म्हणजे एकाच कमिटमध्ये दाबून, एकच पॅच पाठवला तर चालेल का? नाही तर तुकडे कसे करावेत? आणि रिव्ह्यूनंतर बदल करायचे झाले तर ते कुठे घालायचे?

घाटमाथा:
एकच पॅच पाठवू नका. त्यातली बगची दुरुस्ती स्टेबल कर्नलमध्ये (आधीच प्रसिद्ध झालेल्या, दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्त्यांत) जाण्यासारखी असेल, तर ती नव्या चिपच्या कोडमधून वेगळी काढता आली पाहिजे. शिवाय नाव बदलण्याच्या दोनशे ओळींत लॉजिकची एक बदललेली ओळ रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते.

तुमच्या बाबतीत रिबेस -आयच्या वाटेला न गेलेलंच बरं. साधा रिबेस मर्ज कमिट गाळतो, म्हणून त्यांत सोडवलेले कॉन्फ्लिक्टही जातात आणि ते पुन्हा सोडवावे लागतात. हे १९ कमिट वाचवण्यात काही अर्थ नाही. शेवटचा कोड हातात ठेवा आणि कमिट नव्याने रचा. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच द्या.)

गिट फेच ओरिजिन
गिट मर्ज ओरिजिन/मास्टर
गिट टॅग राखीव
गिट रिसेट ओरिजिन/मास्टर

मर्ज आधी आणि रिसेट नंतर, हा क्रम बदलू नका. ताजा मास्टर मर्ज न करता त्यावर रिसेट केलंत, तर दरम्यान इतरांनी केलेले बदल तुम्ही उलटे फिरवल्यासारखे डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतला फरक) दिसतील. थेट एचडब्ल्यूमॉन-नेक्स्टवर (हार्डवेअर मॉनिटरिंग विभागाची पुढच्या बदलांची ब्रांच) रिसेट केलंत तर उलटी गडबड होईल: मास्टरमध्ये असलेले आणि त्या ब्रांचमध्ये अजून न आलेले परके बदल तुमच्या नावावर लागतील.

आता वर्किंग ट्रीमध्ये (डिस्कवरच्या फाइलींत) फक्त तुमचे बदल उरले. 'गिट अ‍ॅड -पी' ने एकेक हंक (बदललेल्या ओळींचा गट) निवडा. 'एस' दाबल्यावर हंक फुटतो, फुटत नसेल तर 'ई' दाबून ओळी हाताने काढा. नव्या फाइली -पी ला दिसत नाहीत, त्यांना आधी 'गिट अ‍ॅड -एन' (मोठ्या लिपीतला एन) लावा.

मी लावेन तो क्रम असा:

१. जुन्या कोडमधल्या बगची दुरुस्ती. ही सगळ्यात आधी, म्हणजे बाकी मालिका अडकली तरी एकटी पुढे जाते.
२. डिव्हाइस ट्री बाइंडिंगमध्ये (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन कसं द्यायचं याच्या नियमांत) नव्या चिपचं नाव. हा पॅच स्वतंत्र आणि ड्रायव्हरच्या आधी लागतो.
३. नावं बदलणं किंवा कोड हलवणं. यात वर्तनात तसूभरही फरक नको.
४. नव्या चिपचा सपोर्ट, डॉक्युमेंटेशनसह.

सगळे कमिट झाले की 'गिट डिफ राखीव हेड' चालवा. काहीही छापलं गेलं नाही पाहिजे. एक ओळ जरी दिसली तरी काहीतरी सुटलं आहे. त्यानंतरच चार पॅच उचलून योग्य पायावर ठेवा:

गिट रिबेस --ऑन्टू एचडब्ल्यूमॉन-नेक्स्ट ओरिजिन/मास्टर

तळटीप:
वरच्या पद्धतीत एक खड्डा आहे. अ‍ॅड -पी करताना बाकीचे बदल वर्किंग ट्रीमध्येच असतात, म्हणून तेव्हा घेतलेली बिल्ड त्या कमिटची नसतेच, ती पूर्ण कोडची असते. मधला कमिट तुटका असला तरी कळत नाही. प्रत्येक टप्पा वेगळा तपासायलाच हवा:

गिट रिबेस -आय --एक्झेक "मेक डब्ल्यू=१ ड्रायव्हर्स/एचडब्ल्यूमॉन/" एचडब्ल्यूमॉन-नेक्स्ट

जिथे बिल्ड पडेल तिथे रिबेस थांबतो. दुरुस्त करा, 'कमिट --अमेंड' करा, 'रिबेस --कंटिन्यू' द्या. आधी डॉट-कॉन्फिगमध्ये (कर्नल बिल्डची सेटिंग्ज असलेल्या फाइलीत) तुमचा ड्रायव्हर चालू असल्याची खात्री करा. तो बंद असेल तर फाइल कंपाइलच होत नाही आणि सगळे टप्पे खोटेच पास होतात.

एवढा आग्रह बायसेक्टसाठी (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी कमिट शोधण्यासाठी) आहे. उद्या कुणीतरी भलत्याच बगच्या शोधात 'गिट बायसेक्ट' चालवत तुमच्या मधल्या कमिटवर येऊन थांबेल. तो कंपाइल झाला नाही तर त्या माणसाला तो वगळावा लागतो, आणि खरा दोषी कमिट शेजारीच असेल तर शोध नेमका तिथेच धूसर होतो.

नीराकाठ:
क्रम जमला, 'डिफ राखीव हेड' रिकामा आला. पण तिसऱ्या कमिटवर बिल्ड पडते: स्टॅटिक फंक्शन वापरलंच नाही, अशी तक्रार. ते चौथ्यात वापरलं आहे.

तळटीप:
तुमच्याकडे कॉन्फिग-वेरर चालू असणार, म्हणून वॉर्निंगची एरर होते. फंक्शन चौथ्या कमिटमध्येच न्या. नवं स्टॅटिक फंक्शन त्याच्या पहिल्या वापरासोबतच यावं. 'वापरलं नाही तरी चालेल' असं अ‍ॅट्रिब्यूट लावून वॉर्निंग दाबू नका, रिव्ह्यूमध्ये ते लगेच उचललं जाईल.

घाटमाथा:
आता कमिट संदेश. विषयाची ओळ ७०-७५ अक्षरांत बसवा आणि त्या विभागाची ढब 'गिट लॉग --वनलाइन' मध्ये पाहून घ्या. एचडब्ल्यूमॉनमध्ये विभागाच्या नावानंतर कंसात ड्रायव्हरचं नाव येतं. मजकूर ७५ स्तंभांवर तोडा आणि त्यात आधी अडचण, मग उपाय लिहा. काय बदललं ते डिफ सांगतोच, का बदललं ते तुम्हीच सांगायला हवं.

बगच्या पॅचला 'फिक्सेस' टॅग लागेल: दोषी कमिटच्या हॅशची किमान १२ अक्षरं, पुढे कंसात अवतरणचिन्हांत त्याचा विषय. ही ओळ लांबली तरी तोडायची नाही. 'साइन्ड-ऑफ-बाय' (हा कोड देण्याचा हक्क आहे, अशी तुमची सही) प्रत्येक कमिटवर हवं. राहिलं असेल तर 'रिबेस --साइनऑफ' एकदम सगळ्यांवर लावतो. कर्नलमध्ये ही प्रथा २००४ पासून आहे आणि तिच्याविना पॅच घेतला जात नाही.

शेवटी स्क्रिप्ट्स फोल्डरातलं चेकपॅच (पॅचमधल्या शैलीच्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट) चालवा. त्याचा प्रत्येक सल्ला मानलाच पाहिजे असं नाही, पण न मानण्याचं कारण सांगता आलं पाहिजे. कुणाला पाठवायचं ते त्याच फोल्डरातलं गेट-मेंटेनर सांगेल.

वेताळटेकडी:
रिव्ह्यूनंतरच्या बदलांबद्दल. 'सूचनेप्रमाणे दुरुस्ती' असा पाचवा पॅच कधीही जोडू नका. ज्या पॅचवर सूचना आली त्यातच ती मुरवायची असते:

गिट कमिट --फिक्सअप=<मूळ कमिट>
गिट रिबेस -आय --ऑटोस्क्वॉश एचडब्ल्यूमॉन-नेक्स्ट

सुरुवात करण्याआधी पहिल्या आवृत्तीला 'व्ही१' टॅग लावून ठेवा, म्हणजे 'गिट रेंज-डिफ' ने जुनी आणि नवी मालिका पॅचनिहाय ताडून पाहता येते (२.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय आहे). नकळत शिरलेला बदल तिथेच दिसतो.

नंतर 'गिट फॉरमॅट-पॅच -व्ही२ --कव्हर-लेटर --बेस=एचडब्ल्यूमॉन-नेक्स्ट एचडब्ल्यूमॉन-नेक्स्ट'. आवृत्तीत काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. 'गिट एएम' (मेलमधला पॅच लावणारी आज्ञा) तिथला मजकूर टाकून देतो, त्यामुळे तो कायमच्या इतिहासात जात नाही. हा मजकूर 'गिट नोट्स' मध्ये ठेवून '--नोट्स' ने आपोआप आणता येतो, पण 'नोट्स.रिराइटरेफ' सेट केलेलं नसेल तर रिबेसनंतर नोट्स नव्या कमिटवर येत नाहीत.

मिळालेले 'रिव्ह्यूड-बाय' टॅग पुढच्या आवृत्तीत सोबत न्या. मात्र ज्या पॅचचा गाभा बदलला त्यावरून तो काढा आणि का काढला ते डॅशखाली नोंदवा. उत्तर आलं नाही तर आठवण करण्याआधी किमान एक आठवडा थांबा. मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) चालू असेल तर त्याहून जास्त.