मदत हवी आहे : साहसकथेची पहिली आवृत्ती कशी ओळखायची?

राजापूरच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत मुलांच्या जुन्या साहसकथा मिळाल्या. माझ्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाचं नेमकं आवृत्ती-सालाचं पान कसरीने खाल्लंय. मलपृष्ठावर 'किंमत १ रु. ५० न. पै.' (म्हणजे नवे पैसे) एवढं वाचता येतं. म्हणजे छपाई १९५७ नंतरची, तोवर आणेच होते. आणि १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गेला, तेव्हा बहुधा त्याआधीची. पण मधल्या वर्षांत पुनर्मुद्रणही निघालं असू शकतं ना? शेवटच्या पानावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात आहे, त्यातल्या सर्वांत नव्या पुस्तकाच्या सालावरून काही ठरवता येईल का? कोणाकडे याच काळातल्या साहसकथांच्या पहिल्या आवृत्त्या असतील तर मुखपृष्ठाचे आणि जाहिरातीच्या पानाचे फोटो टाका, प्लीज. इथल्या दमट हवेत बांधणी सुटत चाललीय, पावसाळ्याआधी नीट नोंद करून ठेवायची आहे.