मदत हवी आहे: बहीण सरावात कडक, स्पर्धेत सगळं घालवते. मन घट्ट कसं करायचं?

होटगी रोडवाला
लवकर सांगा, वेळ नाही. पुढच्या गुरुवारी मनपा स्तर आहे. बहीण 16 वर्षांची. सरावात तिच्या जवळपास कुणी नाही, पण स्पर्धा आली की डोकं बंद. मागच्या वर्षी तिन्ही गेले. परवा शाळेच्या निवडीत परत दोन. खाणं, झोप, फिटनेस सगळं ओके आहे, त्यावर लिहू नका. फक्त मेंटल ट्रेनिंग, रोज करायच्या सवयी सांगा. मोटिव्हेशनचे व्हिडिओ दाखवून झालेत, ते बघताना ती झोपते.

कडकभाकरी
तिन्ही म्हणजे काय तीन? मॅचा? राउंड? खेळ कोणता ते तरी लिवा की ओ.

तालमीतला
खेळ कोणता का असेना. पहाटे चारला उठवा, पाचशे बैठका मारून घ्या. शरीर दमलं की मन गप बसतं. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत पदक आणलं, ते काय मोबाईलवर श्वास मोजून?

शांतचित्त
दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून या. माझा रागच गेला. बाकी काही लागत नाही.

कडकभाकरी
आठवड्यावर स्पर्धा, त्यात पाचशे बैठका नि दहा दिवसांचं शिबिर. गुरुवारी पोरगी जिना तरी उतरेल का बे?

होटगी रोडवाला
लांब उडी आहे. तीन म्हणजे तीन उड्या, तिन्ही फाऊल. यात न कळण्यासारखं काय होतं?

पीटी मास्तर
आम्हाला कळलं नव्हतं, भाऊ. आता नीट सांगा. उडी घेताना पाय उडायच्या फळीच्या किती पुढं पडला? धाव किती पावलांची? सुरुवातीची खूण टेपनं लावता की अंदाजानं? सराव कुठं करता? आणि शिकवतं कोण?

दहावीची आई
माझा मुलगा कबड्डीत होता. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, झेरॉक्स दोन-तीन काढून ठेवा. ग्रेस मार्कांच्या वेळी फार पळापळ होते.

होटगी रोडवाला
शिकवतो मीच, कॉलेजला असताना मारायचो. किती पुढं ते बघितलं नाही, लाल झेंडा दिसला की संपलं ना. 16 पावलं धावते, खूण पावलांनीच. सराव घरामागच्या मुरमाच्या मैदानावर. फळी नाही तिथं. जिथून उडते तिथून वाळूतल्या ठशापर्यंत टेप लावतो, 4.80 मीटर कधी चुकत नाही. मी बाजूलाच उभा राहून ओरडत असतो, गुडघा, हात, वर बघ वगैरे.

पीटी मास्तर
हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं. फळीच नाही म्हणजे तुमच्या सरावात फाऊल होऊच शकत नाही. पोरगी रोज एक खेळ खेळते आणि स्पर्धेत दुसराच. मनाला काय दोष देताय?

हिशेब बघा. स्पर्धेत अंगात वारं शिरतं, वेग वाढतो, पाऊल लांबतं. एकेक पाऊल दोन सेंटीमीटरनं वाढलं तरी सोळा पावलांत 32 सेंटीमीटर झाले. फळीची सगळी रुंदी 20. म्हणजे जी घाबरली नाही, नुसती जोशात आली, तिचाही फाऊल.

आजच फक्कीनं रेघ मारा, 20 सेंटीमीटरचा पट्टा. पुढं पाय पडला तर लाल रुमाल, त्या उडीला टेप लावायचा नाही. पहिली उडी खूण एका तळव्याएवढी मागं घेऊन मारू द्या. पहिल्या तीन उड्यांनंतर आठच जणींना पुढच्या तीन मिळतात, एक तरी वैध उडी कागदावर पाहिजे.

इतिहासप्रेमी
हेच जर्मन प्रतिस्पर्धी लुझ लाँगनं अमेरिकेच्या जेसी ओवेन्सला सांगितलं होतं, बर्लिन ऑलिम्पिक 1936! ओवेन्सनं मग 8.06 मारून सुवर्ण नेलं.

वाकडातिकडा
तो किस्सा घडलाच नाही असंही म्हणतात. युक्ती बरोबर आहे म्हणून मान्य करा.

तालमीतला
घरातला माणूस कोच नसावा. पोरं लाडावतात नाहीतर दबतात.

वाकडातिकडा
लांब उडीवाल्या अंजू बॉबी जॉर्जचा कोच तिचा नवराच होता. 2003, पॅरिस, जागतिक स्पर्धा, 6.70, कांस्य. बोला.

तालमीतला
नवरा आणि भाऊ एक का?

काठीवाला
मी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजाची उंच काठी धरतो. नंदीध्वजाचा सराव आम्ही बंद आवारात नाही करत, संध्याकाळी रस्त्यावर करतो. रिक्षावाला हॉर्न मारतो, कुणीतरी हाक मारतो, पोरं मधून पळतात. यात्रेत गर्दी नवी वाटत नाही मग. तुमच्या बहिणीला रिकाम्या मैदानावर उडवू नका. गल्लीतल्या बाया-पोरं गोळा करून बसवा.

कडकभाकरी
अवो काठीवाले, यंदा गड्ड्यावर मौत का कुआँ येणार आहे का?

पीटी मास्तर
गड्ड्याला वेगळा धागा काढा.

काठीवाल्यांचं घ्या. सवयी विचारल्या होत्या म्हणून सांगतो. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतो. त्यात रोज तेच करायचं: खुणेवर उभं राहायचं, खांदे सोडायचे, दोनदा लांब श्वास बाहेर, मनात एकच शब्द, निघायचं. तो शब्द तिनं निवडायचा. गुडघा-हात-वर बघ हे तीन झाले, धावताना तीन मावत नाहीत. रात्री डोळे मिटून पूर्ण धाव बघायची, स्वतःच्या डोळ्यांनी, खऱ्या वेगानं. त्यात लाल झेंडाही बघायचा. तो दिसल्यावर परत चालत येऊन खूण किती सरकवायची, हेही. नुसत्या सोनेरी उड्या बघणारी पोरं पहिल्या फाऊलला कोसळतात.

होटगी रोडवाला
कालचं सांगतो. फक्की मारली. काकू, शेजारची पाच पोरं, इस्त्रीवाला, सगळे बसवले. पहिल्या चार उड्या फाऊल. ठसा दरवेळी तेवढाच पुढं, चार बोटं. म्हणजे घाबरून काहीतरीच करत नव्हती, नेमकं तेच करत होती. खूण मागं घेतली, पाचवी बसली. 4.41. तिचं तोंड पडलं, माझंही. 4.80 धरून बसलो होतो.

एकच शब्द निवड म्हटलं तर म्हणाली, "दादा, आधी तू तिथनं हल. तू फळीपाशी असलास की मी तुझ्याकडं बघते."

गुरुवारी मी थांबू कुठं?

काठीवाला
गॅलरीत. तोंडात शेंगा धरून.

पीटी मास्तर
गुरुवारची धावपट्टी मुरमाची आहे की सिंथेटिक? आणि स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून सराव झालाय का? हेही लिहिलं नाहीत.

होटगी रोडवाला
स्पाइक स्पर्धेलाच घालते. झिजतात ना.