सांता मोनिकाचा विमानतळ बंद व्हावा का?

पूर्वेची खिडकी
कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या मालकीचा छोटा विमानतळ ३१ डिसेंबर २०२८ नंतर बंद करायची मुभा शहराला आहे. २०१७ साली एफएएशी, म्हणजे इथल्या विमान खात्याशी, तसा करार झाला. २२७ एकरांवर उद्यान करायचं घाटतंय. माझ्या मते ते व्हायलाच हवं.

आम्ही धावपट्टीच्या पूर्वेला राहतो. वारा समुद्राकडून येतो, म्हणून उड्डाणासाठी विमानं आमच्याच टोकाला येऊन थांबतात. निघण्याआधी इंजिनाचा जोर वाढवून तपासतात, तेव्हा स्वयंपाकघराची काच थरथरते. लेक अभ्यासातून मान वर न करता हात लांबवून खिडकी लावून घेते. आवाज एक वेळ सोसला असता. पण पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ साली पूर्ण बंद झालं. विमानांच्या धुरातलं शिसं आरोग्याला घातक आहे, हे सरकारच्याच पर्यावरण खात्यानं २०२३ मध्ये अधिकृतपणे ठरवलं. शिवाय आमचं घर लॉस एंजेलिसच्या हद्दीत. धूर आमच्याकडे, मत मात्र सांता मोनिकावाल्यांना.

निळी सेस्ना
ताई, शिशाबद्दल एक शब्दही खोडत नाही. पण मग लढा इंधनाशी असू दे. बिनशिशाच्या एका इंधनाला एफएएनं २०२२ मध्येच मान्यता दिली आहे. ते इथे सक्तीचं करा, मी पहिला पाठिंबा देईन. धावपट्टी एकदा उखडली की शहराच्या मधोमध दुसरी कोण बांधून देणार आहे?

मी इथेच विमान चालवायला शिकलो. एंजेल फ्लाइट वेस्ट या सेवाभावी संस्थेचं काम इथूनच चालतं. हौशी वैमानिक पदरचा पैसा घालून रुग्णांना लांबच्या इस्पितळात पोचवतात. ही विमानं इथून हलली तर हॉथॉर्न नाहीतर व्हॅन नाइसच्या विमानतळावर जातील. तिथेही लेकरंबाळं राहतात ना? डग्लस कंपनीचं डीसी-३ हे प्रवासी विमान १९३५ साली पहिल्यांदा उडालं ते इथूनच. आजूबाजूची कितीतरी घरं डग्लस कारखान्याच्या कामगारांसाठी उभी राहिली.

दोन खोल्या
उद्यान उद्यान काय करताय? भाडं भरता भरता जीव मेटाकुटीला आलाय. २०१४ च्या मतदानानं या जागेवर उद्यान-क्रीडांगणाखेरीज काही करायचं तर पुन्हा मतदान लागतं. मग घ्या की! थोड्या एकरांवर परवडणारी घरं होऊ द्या.

पूर्वेची खिडकी
दोन खोल्या, घरांना माझी ना नाही.

सेस्ना, त्या कामगारांच्या काळात जेट विमानं नव्हती. २०१३ मध्ये उतरतानाच एक जेट हँगरवर आदळलं, चौघे गेले. २०१५ मध्ये अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या छोट्या विमानाचं इंजिन उडताच बंद पडलं. शेजारी गोल्फचं मैदान होतं म्हणून उतरायला जागा मिळाली. आमच्या बाजूला नुसती घरं आहेत.

निळी सेस्ना
म्हणूनच तर २०१७ च्या शेवटी धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० वर आणली. मोठी जेट तेव्हाच गेली. एवढं झाल्यावर उरलेल्या लहान विमानांना इंधन बदलायला अवधी द्या, इतकंच म्हणतोय.

पूर्वेची खिडकी
रुग्णांच्या उड्डाणांचं मला पटलं. त्यांची सोय आधी दुसरीकडे पक्की व्हावी, त्यासाठी मी स्वतः सह्या गोळा करीन. पण तारीख पुढे ढकलायला माझा विरोधच आहे. गेल्या महिन्यात लेकीच्या रक्तातलं शिसं तपासून आणलं. आकडा ठीक आला. तरी ती खिडकी आम्ही अजून उघडी ठेवत नाही.