ए-लेव्हलला रिलिजियस स्टडीज: तिसरा पेपर ख्रिस्ती धर्माचा की हिंदू धर्माचा?

खडूफळा
इंग्लंडात सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या ए-लेव्हल परीक्षेचे, विषय ठरवायची वेळ आली की मराठी घरांत हा वाद निघतोच, म्हणून धागा काढतोय.

ओसीआर बोर्डाच्या रिलिजियस स्टडीजला तीन पेपर असतात: धर्माचं तत्त्वज्ञान, धर्म आणि नीतिशास्त्र, आणि तिसरा एका धर्माचा. त्यासाठी ख्रिस्ती, इस्लाम, ज्यू, बौद्ध, हिंदू असे पाच पर्याय. प्रत्येक पेपर दोन तासांचा आणि 120 गुणांचा. चार प्रश्नांतले तीन सोडवायचे, प्रत्येकी 40 गुणांचा निबंध.

माझं मत: विषय जरूर घ्यावा, पण तिसरा पेपर ख्रिस्ती धर्माचाच. यात श्रद्धेचा काही संबंध नाही, साधा हिशेब आहे. देव दयाळू आहे तर जगात दुःख का, या पहिल्या पेपरातल्या दुरिताच्या प्रश्नात ऑगस्टीन हा प्राचीन ख्रिस्ती विचारवंत आहे. तोच ख्रिस्ती पेपरात मानवी स्वभावाच्या प्रकरणात पुन्हा भेटतो. पहिल्यात अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाचे ईश्वराबद्दलचे युक्तिवाद, दुसऱ्यात त्याचाच नीतीबद्दलचा 'नैसर्गिक नियम'. एकदा नीट वाचलेलं दोन-तीन ठिकाणी कामाला येतं. हिंदू पेपर घेतला की तिसऱ्या पेपराची पाटी कोरी.

शिवाय घरी गणपती बसतो म्हणून हा पेपर सोपा जाईल ही समजूत सोडा. 40 पैकी 16 गुण माहिती आणि आकलनाला, 24 युक्तिवादाला. आरतीचं वर्णन कितीही सुरेख लिहा, त्या 24 मध्ये एकाचीही भर पडत नाही.

इंद्रायणीकाठ
गुणांची विभागणी बरोबर सांगितलीत, निष्कर्ष मात्र पटला नाही. पाटी कोरी कशी? बृहदारण्यकातलं 'नेति नेति' पहिल्या पेपरातल्या नकारमार्गाशेजारी ठेवा. ईश्वर 'काय नाही' एवढंच सांगता येतं, हा तोच मुद्दा. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी 'कार्य आहे म्हणजे कर्ता हवा' असं अनुमान मांडलं, ते विश्वाच्या कारणावरून ईश्वर सिद्ध करणाऱ्या युक्तिवादाला सरळ भिडतं. आणि दुरिताच्या प्रश्नावर ब्रह्मसूत्रात, वेदान्ताच्या सूत्रग्रंथात, (2.1.34) उत्तर आहे: ईश्वर पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही, कारण तो जिवांच्या कर्मानुसार फळ देतो.

गुणदानाच्या तक्त्यात जे मुद्दे छापलेले असतात ते नमुन्यादाखल असतात. त्याबाहेरचा मुद्दा प्रश्नाला धरून असेल तर त्यालाही गुण मिळतात. मग आपल्या मुलांनी सगळा वेळ ऑगस्टीनचीच री का ओढायची?

शंकासुर
काठावरून बोलणं सोपं आहे, इंद्रायणीताई! शाळा सगळ्या वर्गाला मिळून एकच धर्म शिकवते. हिंदू पेपर शिकवू शकणारे शिक्षक मोजके, त्या पर्यायाची पाठ्यपुस्तकंही ख्रिस्ती पेपरच्या मानाने फारच थोडी. एकट्या मुलासाठी शाळा वेगळी सोय कुठून करणार? म्हणजे घरी शिकणं आलं, आणि निबंध तपासून द्यायला कोणी नाही.

दुसरं, वेळ. दोन तासांत तीन निबंध म्हणजे एकाला 40 मिनिटं. त्यात आराखड्याची चार-पाच मिनिटं वजा करा. तुलना या वेळात बहुतेकदा दागिन्यासारखी अडकवली जाते: 'हिंदू धर्मातही नेति नेति आहे' असं एक वाक्य, आणि पुढचा परिच्छेद. त्याने नकारमार्ग टिकतो की कोसळतो हे कुठे ठरलं? तिथे मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाचं उदाहरण घेऊन 'नुसत्या नकारांनी आपण ईश्वराच्या जवळ जातो का' हे चार ओळींत तपासणारा मुलगा पुढे जातो.

तर्कट
मुळात हा विषयच कशाला? एक्यूए बोर्डाचं निखळ तत्त्वज्ञान घ्या. ज्ञानमीमांसा, नीतिशास्त्र, ईश्वर, मन असे चार विभाग, प्रत्येकी 50 गुण. प्रत्येक विभागात 3, 5, 5, 12 आणि 25 गुणांचे प्रश्न. तीन गुणांच्या उत्तरात व्याख्या काटेकोर लागते, तिथे पाल्हाळ चालत नाही. देकार्त, लॉक, बर्कली, लायब्निझ मुळातून वाचावे लागतात. रिलिजियस स्टडीजमध्ये नुसती मतांची जंत्री पाठ होते. आणि रसेल ग्रुप या ब्रिटनमधल्या नामांकित विद्यापीठांच्या गटाच्या पसंतीच्या विषयांच्या यादीत तो विषय नव्हता, हेही पालकांना सांगा.

खडूफळा
ती यादी 2019 मध्येच रद्द झाली. आणि तिच्यात तत्त्वज्ञानही नव्हतं, तेव्हा तुमचा बाण तुमच्याकडेच वळला.

जंत्रीचा आरोप मात्र अर्धा मान्य. 'फ्लेचर असं म्हणतो, कांट तसं म्हणतो' अशी रांग लावणारे निबंध खूप असतात आणि ते मधल्या गुणांवर अडकतात. पण दोष निबंध लिहिण्याच्या सवयीत आहे, त्यावर उपायही आहे: पहिल्या परिच्छेदातच आपली बाजू सांगायची आणि पुढे प्रत्येक विचारवंताला तिच्यासाठी किंवा तिच्याविरुद्ध कामाला लावायचं.

एक्यूएच्या नीतिशास्त्रात उपयोजनाचे प्रश्न चोरी, खोटं बोलणं, प्राणी खाणं, नाटक-सिनेमा-गेममधली खोटी हत्या हे आहेत. ओसीआरमध्ये दयामरण, व्यवसायनीती, लैंगिक नीती. मेडिकलला जाणाऱ्या मुलीला दयामरणावर दोन वर्षं विचार करून झालेला असेल तर मुलाखतीत ते दिसतं. केमिस्ट्री-बायोलॉजी सांभाळून तिसरा विषय म्हणून हा चांगला बसतो.

इंद्रायणीकाठ
शंकासुर, दागिन्याचा मुद्दा मान्य. म्हणून दागिना न करता कसं लिहायचं ते सांगते. प्रश्न समजा असा: 'दुरिताच्या समस्येवर समाधानकारक उत्तर नाही.' पहिली पायरी, 2.1.34 चा कर्माचा युक्तिवाद दोन वाक्यांत. दुसरी, लगेच त्यावरचा आक्षेप: सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हतं, मग पहिली विषमता कुठून आली? तिसरी, पुढच्याच सूत्रातलं उत्तर: संसार अनादी आहे. चौथी, इथे थांबून तपासायचं, कारण गुण इथेच आहेत. 'अनादी' म्हटल्याने प्रश्न सुटला की फक्त मागे ढकलला? ऑगस्टीनला पहिल्या पापाचा आरंभ मान्य करावा लागतो, इथे आरंभच नाकारलाय. दोघांत अडचण कुणाची मोठी, ते ठरवून लिहायचं.

पाचवी पायरी आपल्याकडचीच. मागच्या जन्मीच्या कर्मावर आजची गरिबी लादली की समाज आणि राज्यसंस्था जबाबदारीतून सुटतात, हा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप. यापेक्षा धारदार मूल्यमापन कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

तर्कट
हे मात्र जंत्री नाही, कबूल. पण पाच पायऱ्या 35 मिनिटांत?

शंकासुर
बसतात, जर बाकीचा निबंध त्यांच्याभोवती बांधला तर. दोन सूत्रं, ऑगस्टीन आणि आंबेडकर, बस्स. दुःखातून माणूस घडतो म्हणणाऱ्या जॉन हिकलाही आणायचा मोह टाळायचा. आणि ताई, यासाठी हिंदू पेपर घ्यायची गरजच नाही हो; हा सगळा निबंध पहिल्या पेपरातला आहे.

इंद्रायणीकाठ
ख्रिस्ती पेपरवाल्या मुलाला ब्रह्मसूत्र शिकवणार कोण, ते सांगा आधी.