‘कंचेभागुबेव’ शिकवणं थांबवावं का?

अंकमोड
माझं मत: पदावली सोडवण्यासाठी मुलांकडून ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) घोकून घेणं बंद व्हायला हवं. १० − ३ + २ घ्या. सूत्रात ‘बे’ आधी, ‘व’ नंतर, म्हणून मूल आधी ३ + २ = ५ करतं आणि १० − ५ = ५ लिहितं. बरोबर उत्तर ९. मुलाने सांगितलं तेच केलं, तरी गुण गेले.

‘भागु’मुळे हा घोळ होत नाही. १२ × ६ ÷ ३ मध्ये आधी ६ ÷ ३ केलं तरी २४, डावीकडून गेलं तरी ७२ ÷ ३ = २४. खोट फक्त ‘बेव’मध्ये आहे. तिथे ‘वबे’ असतं तर सूत्र शब्दशः पाळूनही उत्तर चुकलं नसतं. त्यापेक्षा थेट सांगा: भागाकार-गुणाकार एका पायरीवर, बेरीज-वजाबाकी त्याखालच्या पायरीवर, आणि एका पायरीवर जे आधी येईल ते आधी, डावीकडून उजवीकडे.

पाटीपेन्सिल
असहमत. सूत्र बरोबर आहे, ते अर्धवट शिकवलं जातं. संख्येच्या डावीकडचं चिन्ह त्या संख्येचं असतं, ते तिला सोडून जात नाही. ‘बेव’ म्हणजे आधी अधिक चिन्हाच्या सगळ्या संख्यांची बेरीज, मग उणे चिन्हाच्या सगळ्या एकत्र वजा. ४७ − १८ + ३ − ९ + ७ पाहा: अधिकच्या ५७, उण्याच्या २७, उत्तर ३०. लांब पदावलीत ही रीत डावीकडून रांगत जाण्यापेक्षा सुटसुटीत आहे.

आणि ‘चे’चं काय करणार? ३६ ÷ ३/४ चे १२ यात आधी १२ चे ३/४ म्हणजे ९, मग ३६ ÷ ९ = ४. ‘चे’च्या जागी × टाकून डावीकडून गेलात तर ४८ × १२ = ५७६! तुमच्या दोन पायऱ्यांत ‘चे’ला जागाच नाही.

अंकमोड
‘चे’ मान्य, त्याला वेगळी पायरी द्यावी लागेल. पण तुमचा ‘बेव’चा अर्थ त्या सहा अक्षरांत कुठेच दिसत नाही. जे सूत्र समजवायला दुसरा नियम लागतो ते पाठ का करायचं?

उभीरेघ
तुम्ही दोघंही सूत्राला धरून बसलात. खरा गोंधळ ÷ या चिन्हाचा आहे. २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) सगळीकडे फिरलं. कुणी १६ म्हणालं, कुणी १. २ आणि कंस यांच्यात चिन्ह नाही. १ म्हणणारे ती जोडी ‘चे’सारखी घट्ट मानतात, १६ म्हणणारे साधा गुणाकार. यंत्रांचंही एकमत नाही: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ या कॅल्क्युलेटरमध्ये अशा चिन्हाविना गुणाकाराला अग्रक्रम होता, टीआय-८३ मध्ये तो काढला. कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स हा कॅल्क्युलेटर ६ ÷ २(१ + २) टाकल्यावर स्वतःच जादा कंस घालून १ देतो. गणिती चिन्हांच्या आयएसओ ८००००-२ या आंतरराष्ट्रीय मानकात तर भागाकारासाठी ÷ वापरू नये असंच म्हटलंय. आडवी रेघ मारून वर अंश, खाली छेद लिहा. वाद उरतच नाही.

पाटीपेन्सिल
वहीत रेघ मारता येईल हो, पण प्रश्नपत्रिकेत ÷ छापून येतं. तिथे मुलाला रीत लागणारच.

खतावणी
शाळेबाहेर आणखी वेगळं चालतं. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरला क्रम माहीतच नसतो. पुढची क्रिया दाबली की तो मागची उरकून मोकळा होतो. ४० रुपयांच्या ३ वह्या आणि १० रुपयांची ५ पेनं, म्हणून ३ × ४० + ५ × १० सरळ दाबलं की १२५ × १० = १२५० येतात. बिल १७० रुपयांचं! ३ × ४० करून एम प्लस (उत्तर मेमरीत मिळवणारं बटण), ५ × १० करून एम प्लस, मग मेमरीतली बेरीज दाखवणारं एमआर दाबा. आधीची मेमरी पुसलेली हवी, नाहीतर मागच्या गिऱ्हाईकाचे पैसे यात मिसळतील.

एक्सेलमध्ये =-२^२ (^ म्हणजे घातांक) ला उत्तर ४ येतं, कारण तिथे सुरुवातीचं उणे घातांकाआधी लागतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत घातांकाला ^ ऐवजी ** लिहितात, तिथे तेच उणे ४. २^३^२ ला एक्सेल ६४ देतं, पायथॉन ५१२. पायथॉनमधलं सूत्र एक्सेलमध्ये उतरवताना =-(२^२) असा कंस घालाच.