दुसऱ्या बाळाचे कपडे, लंगोट आणि थोरल्याचा रेनकोट: ६,००० रुपयांत काय काय घ्यावं? (पुणे)

केतकी_धायरी
नमस्कार मंडळी. जूनच्या मध्यात आमच्याकडे दुसरं बाळ येतंय. थोरला साडेतीन वर्षांचा आहे, त्याची नर्सरीही जूनमध्येच सुरू होईल. दोघांचं मिळून ६,००० रुपयांत भागवायचंय. दवाखान्याचा खर्च पुढे आहेच, त्यामुळे ६,००० च्या वर एक रुपया नाही.

लागणार आहे ते असं: बाळाची झबली-टोपरी, लंगोट किंवा कापडी डायपर, थोरल्याला रेनकोट, डबा आणि पाण्याची बाटली. शक्यतो सुती, कमीत कमी प्लॅस्टिक, आणि आपलं झाल्यावर दुसऱ्या कोणाला देता येईल असं. थोरल्याच्या वेळी रोज डायपरचं गाठोडं कचऱ्यात जायचं आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना ते हाताने वेगळं करावं लागायचं. ते बघून फार वाईट वाटायचं. ह्या वेळी ते टाळायचंच आहे.

अडचणी दोन. बाल्कनी अगदी लहान आहे, आणि बाळ ऐन पावसाळ्यात येणार. सासूबाई मदतीला आहेत. पुण्यात कुठे काय मिळेल तेही सांगा.

बाणेरची_आई
अभिनंदन! डोळे मिटून कापडी डायपर घे. मी पॉकेटवाले, म्हणजे आत पॅड सरकवायचे, एक डझन घेतले होते, साधारण ९,००० गेले, पण बारशापासून ते पॉटी ट्रेनिंगपर्यंत तेच पुरले. बटणांनी साइज कमी-जास्त करता येते. बाहेरचं कापड पीयूएलचं, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेलं, त्यामुळे गळत नाही. कपडे मात्र ऑरगॅनिकच घे. आम्हाला एका सेटला १,८०० पडले, पण कापड इतकं मऊ की बाळाने कधी कुरकुर केली नाही. क्वालिटीत तडजोड नको.

केतकी_धायरी
ताई, ६,००० मध्ये सगळंच बसवायचंय. रेनकोटसकट.

सुमेधाकाकू_कोथरूड
केतकी, एवढा खर्च कशाला? घरातल्या जुन्या सुती साड्या काढ. दहा वर्षं धुतलेल्या साडीसारखं मऊ कापड दुकानात विकत मिळत नाही. काठ आणि जर काढून टाकायची, मधल्या भागाची दुपटी नि लंगोट करायचे. माझ्या दोन्ही नातींचा बाळंतविडा मी घरी शिवला, अजून त्याच दुपट्यांवर तिसरं बाळ वाढतंय.

नवीन कापड लागलं तर रविवार पेठेत कापडगंजमध्ये जा, मलमल मीटरवर मिळतं. आधी रात्रभर भिजत घालून धुऊन घे, नाहीतर शिवल्यावर आटतं. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूने ठेवायला सांग, म्हणजे अंगाला टोचत नाही. बंद पाठीवर आणि आखूड. गळ्याशी लांब नाडी अजिबात नको, मग ते कितीही गोड दिसो. आणि नवजात मापाची झबली फार शिवू नकोस. साधारण पाच महिन्यांत बाळाचं वजन दुप्पट होतं. पहिल्या मापाची सहा पुरेत, बाकी सगळी मोठी. लंगोट मात्र तीन डझन तरी हवेत, पावसात वाळत नाहीत.

निनाद_वाघोली
कापडी डायपरबद्दल माझा अनुभव वाईट आहे, तो सांगणं भाग आहे. आमच्याकडे बाराही महिने टँकर आणि बोअर. पाणी इतकं जड की दोन-तीन महिन्यांत आतले पॅड पुठ्ठ्यासारखे कडक झाले आणि शोषणंच बंद झालं. रात्री बाळ भिजायचं, बायको उठायची, मी उठायचो. कंपनीला फोन केला तर म्हणे तुम्ही नीट धुतले नाहीत. पैसे गेले ते गेलेच. पावसाळ्यात तर घेऊच नका. आमच्याकडे पॅड दोन दिवस ओला राहायचा आणि त्याला कुबट वास यायचा.

बाणेरची_आई
आमच्याकडेही टँकरच आहे, आम्हाला काही झालं नाही. फॅब्रिक सॉफ्टनर वापरलात का? त्याचा थर बसतो धाग्यावर, मग पाणी आत शिरत नाही. पावडर कमी, पाणी जास्त, आणि शेवटी एक जादा खळबळून काढायचं.

निनाद_वाघोली
सॉफ्टनर वापरलं होतं, हो. पण हे पाकिटावर छापायला काय झालं होतं त्यांना?

परिचारिका_एस
मी नवजात शिशू विभागात काम करते. कपडे जुने घ्या, नवे घ्या, पण एक गोष्ट प्लीज सगळ्यांनी वाचा. माळ्यावरच्या ट्रंकेतून किंवा नातेवाइकांकडून आलेल्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर ते थेट बाळाला घालू नका. त्यात नॅप्थलीन असतं. काही बाळांमध्ये जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आणि ते आधी कळलेलं नसतं. अशा बाळांच्या लाल पेशी नॅप्थलीनने फुटतात आणि कावीळ गंभीर होते. नुसत्या कपड्यांमधूनसुद्धा हे होऊ शकतं. बाळासाठी ठेवायच्या कपड्यांत गोळ्या टाकूच नका, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. वास असलेले कपडे घेऊच नयेत हे उत्तम.

प्राजक्ता_के
बापरे, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद. आईला आत्ता फोन करते, तिने माझी सगळी लहानपणची झबली गोळ्या घालूनच ठेवली आहेत.

सुमेधाकाकू_कोथरूड
परिचारिकाताईंशी शंभर टक्के सहमत. आम्ही लवंगा ठेवायचो.

धागा_उभा_आडवा
कापड उद्योगात वीस वर्षं आहे, म्हणून लेबलांबद्दल थोडं लिहितो. 'ऑरगॅनिक', 'इको', 'नॅचरल' हे शब्द टॅगवर कोणीही छापतो. गॉट्सचं, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राचं, चिन्ह असेल तर त्याला अर्थ आहे. त्यात 'ऑरगॅनिक' म्हणायला किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो, आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' असेल तर किमान ७०. चिन्हाबरोबर परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा. क्रमांक नसेल तर जादा पैसे देऊ नका.

ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे वेगळं प्रकरण. कापूस सेंद्रिय आहे का, हे ते सांगत नाही. तयार कापडातली घातक रसायनं मर्यादेत आहेत, एवढंच सांगतं. त्यातला पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा, तो सगळ्यात कडक. बजेट कमी असेल तर मी म्हणेन, साधं, पांढरं किंवा फिक्या रंगाचं सुती होजिअरी घ्या आणि दोनदा धुऊन वापरा. गडद रंग आणि छातीवरची ती जाड रबरी चित्रं टाळा.

आणि बांबूच्या कपड्यांना भुलू नका. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून, कार्बन डायसल्फाइड वापरून जो धागा काढतात तो व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनच. त्याला बांबू म्हणून आणि पर्यावरणपूरक म्हणून विकल्याबद्दल २०२२ साली अमेरिकेत एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, वॉलमार्ट आणि कोल्स ह्या दोघांकडून मिळून ५५ लाख डॉलर दंड वसूल केला. आपल्याकडे मात्र प्रदर्शनात अजून बांबू म्हणूनच दामदुप्पट भावाने विकतात.

बाणेरची_आई
आमचे बांबूचे टॉवेल अप्रतिम आहेत. इतके मऊ.

धागा_उभा_आडवा
मऊ असतातच. व्हिस्कोस मऊच असतं. माझा आक्षेप पर्यावरणाच्या दाव्याला आहे.

विजय_सिंहगडरोड
कपड्यांचं होईल हो. थोरला नर्सरीत कसा जाणार ते सांगा. दुचाकीवर असेल तर पहिला खर्च हेल्मेट आणि हार्नेसचा करा. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना दोन्ही लागतात, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्राचा नियम आहे. हेल्मेट जुनं घेऊ नका. आधी आपटलेलं आहे का, ते बाहेरून कळत नाही.

शनिवारपेठी
नर्सरी गल्लीच्या टोकाला असेल. तिथे कसलं हेल्मेट? मुलाची मान अवघडते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ४० ने जायला रस्ता तरी कुठे मोकळा असतो?

विजय_सिंहगडरोड
मूल पडतं ते गल्लीच्या टोकालाच. स्पीडब्रेकरवरून घसरतात लोक.

शनिवारपेठी
आम्ही तिघं भावंडं एका स्कूटरवर वाढलो.

विजय_सिंहगडरोड
तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या?

प्राजक्ता_के
हेल्मेटवर वेगळा धागा आहे, तिकडे भांडा प्लीज. केतकी, डबा-बाटलीसाठी तुळशीबागेत जा, साधा स्टीलचा क्लिपवाला घे. झाकणाची रबरी रिंग वेगळी मिळते का ते विचार, कारण आधी रिंगच जाते आणि मग चांगला डबा फुकट जातो. बाटली एकपदरी स्टीलची घे, थर्मासची साडेतीन वर्षांच्या मुलाला उचलत नाही. रेनकोट पीव्हीसीचा नको, त्याला तो उग्र वास येतो आणि दुसऱ्या वर्षी घडीवर तडे जातात. नायलॉनचा, आतून कोटिंग केलेला घे, एक माप मोठा.

नवी_आई_२५
सगळा धागा वाचला नाही, कोणी सांगितलं असेल तर माफ करा. जुन्या सुती साड्यांचे लंगोट बेस्ट! आणि कपडे नात्यातून घ्या, नवीन आणू नका.

मीरा_आकडेमोड
कापडी की वापरून फेकायचे, ह्यावर एक गोष्ट सांगते, कारण इथे सगळे 'कापडी म्हणजे पर्यावरणपूरक' असं धरून चाललेत. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली ह्याचा हिशोब केला होता. अडीच वर्षांत वापरून फेकायच्या डायपरमुळे साधारण ५५० किलो कार्बन, आणि कापडीचा सरासरी ५७०. जवळपास सारखंच! कारण गरम पाणी आणि ड्रायर. पण मशिन पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो. आपल्याकडे गार पाणी आणि दोरी असतेच, त्यामुळे आपण आधीच पुढे आहोत. म्हणून प्रश्न कोणत्या ब्रँडचा घ्यायचा हा नाहीच. ते कापड किती बाळांना पुरतं आणि कसं वाळतं, हे बघायचं.

आणि जे काही डायपर वापरावे लागतील ते कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. 'स्वच्छ' ह्या पुण्यातल्या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी हीच मागणी केली होती. ठिपका दिसला की त्यांना गाठोडं उघडावं लागत नाही.

बाणेरची_आई
मग सेकंडहँड पॉकेट डायपर घे ना केतकी. माझे देते, निम्म्या किमतीत. ४,५०० ला सगळे.

निनाद_वाघोली
इलॅस्टिक सैल झालं असेल तर गळतील. आधी ताणून बघा.

केतकी_धायरी
सगळ्यांचे मनापासून आभार. नवरा, सासूबाई आणि मी बसून ठरवलं. कदाचित कोणालाच पटणार नाही, तरी लिहिते.

पॉकेट डायपर नव्याने नाही आणि जुनेही नाही. बाणेरच्या ताई, राग मानू नका, पण ४,५०० तिथेच संपले तर बाकीचं काही होणार नाही. मलमलचे आणि सासूबाईंच्या साड्यांचे मिळून तीन डझन लंगोट आणि मोठ्या मापाची झबली आमच्या शिवणकामवाल्या ताई शिवून देतायत. कापड आणि शिलाई १,६०० च्या आत बसतंय. नवजात मापाचं सगळं नणंदेकडून येतंय, तिला गोळ्यांचं आधीच विचारलं, तिने घातलेल्या नाहीत. डबा, बाटली ६००. रेनकोट थोरल्याच्या मावसभावाचा, एक माप मोठा आहेच. थोरला दुचाकीवरच जाणार आहे, म्हणून हेल्मेट आणि हार्नेसला १,५०० बाजूला काढले.

उरलेल्यातले १,९०० छताला लावायच्या दोरी-कप्पीच्या स्टँडला, बसवून देण्यासकट. हे कोणीच सुचवलं नव्हतं. पण तुम्हा सगळ्यांचं वाचून एवढं नक्की कळलं की आमचा खरा प्रश्न वाळवण्याचा आहे. लंगोट वाळले तर तीन डझन पुरतील, नाही वाळले तर सहा डझनही कमी पडतील. राहिलेले ४०० पहिल्या महिन्यात रात्रीपुरत्या विकतच्या डायपरला, लाल ठिपका काढून. सिझेरियन झालं तर रात्री चार-चार वेळा उठून लंगोट बदलणं मला जमणार नाही, आणि सासूबाईंवर ते टाकायचं नाहीये.

बाणेरची_आई
राग कसला! पण रात्रीसाठी दोन तरी पॉकेटचे ठेव. तुला तसेच देते, पैसे नकोत. बाणेरला कधी आलीस तर घेऊन जा.

शनिवारपेठी
स्टँडला १,९०० फार होतात. बोहरी आळीत कप्प्या आणि नायलॉनची दोरी घेऊन ७०० मध्ये होईल, ड्रिल शेजाऱ्याचं आणा.

सुमेधाकाकू_कोथरूड
उत्तम केलंस. फक्त स्टँड स्वयंपाकघराच्या तोंडाशी लावू नकोस, लंगोटांना फोडणीचा वास बसतो. पंख्याखाली लाव. आणि दमट राहिलेले सुती लंगोट इस्त्री फिरवून घे. बाणेरच्या ताईंनी दिलेल्यांना मात्र इस्त्री नको, त्यांचं प्लॅस्टिक वितळेल.

केतकी_धायरी
काकू, हॉलमध्ये पंख्याच्या बाजूला लावतोय. ताई, येत्या रविवारी येते. @शनिवारपेठी, बोहरी आळीत नक्की कोणत्या बाजूला बघायचं?